उस्तादांच्या नावावर हजार बैठका

उस्ताद माझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी मला नाव विचारलं नाही. खिशातून शिंप्याचा टेप काढला, काउंटरला वळसा घालून सरळ आत आले आणि माझ्या छातीभोवती टेप गुंडाळला. मग पोटाभोवती. मी झेरॉक्स मशीनला टेकून दोन्ही हात वर करून उभा, आणि दुकानात चार गिऱ्हाइकं.

"छाती अडतीस, पोट त्रेचाळीस," उस्तादांनी जाहीर केलं. "फौज उलटी चालून राह्यली बे तुही."

मग टेप खिशात घालून पेन्शनचा कागद पुढे केला. "याची एक कॉपी काढ. अन् उद्या पाचले ये."

मी 'हो' म्हणालो. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक अडचणी या एका अक्षरातून निघालेल्या आहेत. समोरचा माणूस जे ऐकायला उभा असतो, ते माझ्या तोंडून आपसूक बाहेर पडतं. आणि समोरचा काहीच बोलत नसेल तर त्याहून वाईट. मग मी ती शांतता भरून काढतो, आणि जे हाताला लागेल त्याने भरून काढतो.

मोताळ्याच्या रस्त्यावर, आमच्या गावाच्या कडेला, कापसाच्या जिनिंगचं एक जुनं गोदाम आहे. जिनिंग बंद पडल्यावर तिथे कबुतरं राहायची. उस्ताद फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आले, त्यांनी कबुतरांना बाहेर काढलं आणि आखाडा सुरू केला. फौजेत ते पीटी शिकवायचे, आणि शिकवणाऱ्याला तिथे उस्ताद म्हणतात, म्हणून गावही म्हणू लागलं. त्यांचं खरं नाव मला माहीत होतं ते फक्त त्यांचे कागद माझ्या मशीनमधून जायचे म्हणून.

ग्रामपंचायतीने चौकात सरकारी ओपन जिम बसवली आहे, हिरव्या-पिवळ्या रंगाची. तिच्यावर लोक मिरच्या वाळवतात आणि एका मशीनला एक बकरी कायमची बांधलेली असते. उस्तादांच्या आखाड्यात असलं काही नव्हतं. ट्रॅक्टरचं फ्लायव्हील, थ्रेशरचं चाक, सिमेंट भरलेले तेलाचे डबे आणि जमीन. "जमिनीएवढी चांगली मशीन कोनत्याच कंपनीनं काहाडली नाही," असं ते म्हणायचे. या मशीनवर मी पहिल्या दिवशी सात बैठका काढल्या आणि आठव्या वेळी खाली गेलो तो मला दोन पोरांनी उचलून भिंतीला टेकवून ठेवलं.

"सात," उस्ताद म्हणाले. "कालच्यापेक्षा सातानं जास्त."

माणूस विक्षिप्त होता यात वाद नाही. त्यांच्या सायकलला सीट नव्हतं. कोणी चोरलं नव्हतं, त्यांनीच काढून टाकलं होतं. "बसाचंच असन तं घरी बसा नं बे, सायकल कायले पाह्यजे?" सदुसष्टाव्या वर्षी ते मोताळ्यापर्यंत उभ्याने सायकल मारत जायचे आणि उभ्यानेच चहा पिऊन यायचे. पहाटे पाचला त्यांची शिट्टी व्हायची. तिच्यावर गावातल्या म्हशी पान्हा सोडायच्या. एकदा त्यांना ताप आला आणि शिट्टी झाली नाही, तर शाळेची पहिली बस रिकामी गेली. लग्नात आहेर म्हणून ते नवरदेवाला दोरीच्या उड्यांची दोरी द्यायचे, आणि देताना बायकोकडच्यांसमोर त्याची छाती मोजायचे. एका पुण्याच्या व्याह्यांना ते काही रुचलं नाही. त्यांनी विचारलं, "हे काय चाललंय?" उस्ताद म्हणाले, "माल पाहून घ्या, मंग बोलू नका." आणि टेप घेऊन व्याह्यांकडे वळले. व्याही जेवणाच्या पंगतीत दिसले ते एकदम शेवटी.

भाषण हा प्रकार त्यांना चालत नसे. एका वर्षी आमच्या कार्यक्रमाला एक पुढारी आले, पांढऱ्या गाडीतून, दोन शब्द बोलायला. उस्ताद म्हणाले, "बोला की. आपला नियम हाय, आधी शंभर बैठका. मंग मैदान तुमचं." पुढाऱ्यांनी हसत हसत धोतर सावरलं. अकरा झाल्या. बाराव्याला कार्यकर्त्यांनी धरलं. त्यानंतर आमच्या गावात दोन शब्द बोलायला कोणी आलेलं नाही.

हा कार्यक्रम म्हणजे जानेवारीतली बैठकांची सकाळ. गावातला अंकुश फौजेत गेला होता, आणि लागल्यावर तिसऱ्याच थंडीत सीमेवर गेला. तिरंग्यातून आला. त्या तारखेला दर वर्षी आखाड्यातले आम्ही चाळीसेक जण प्रत्येकी शंभर बैठका काढायचो आणि शंभर बैठकांमागे एकेक शेतकरी एक पायली तूर द्यायचा. जिल्ह्याला जवानांच्या मुलांचं एक वसतिगृह आहे, तिथे ही तूर जायची. रोख रक्कम उस्ताद घेत नसत. "पोरं डाळ खातात, नोटा नाही," एवढंच त्यांचं म्हणणं. तूर नुकती निघालेली असते त्या दिवसांत, त्यामुळे कोणी नाही म्हणत नसे. फोटोला हार नाही, माईक नाही, घोषणा नाही. चाळीस माणसांचा श्वास आणि गुडघ्यांची कटकट, एवढाच आवाज.

अंकुशची आई गावातच राहते. नवरा आधीच गेलेला, दीड एकरात मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावते, आठवडी बाजाराला मोताळ्याला नेते. आम्ही सगळे तिला काकू म्हणतो. दर वर्षी उस्ताद स्वतः तिला बोलवायला जायचे. काकू पाणी द्यायची. पाणी पिऊन झालं की उस्ताद म्हणायचे, "वहिनी, येजा." काकू काही बोलायची नाही. पाच वर्षं उस्ताद गेले, पाच वर्षं पाणी प्यायले, आणि पाच वर्षं ती आली नाही. शाळेतल्या सव्वीस जानेवारीलाही ती कधी गेली नाही.

गावाने याचा अर्थ आपापल्या परीने लावला होता. अंकुशला भरतीसाठी तयार केलं ते उस्तादांनी. पहाटे बोराखेडीच्या रस्त्याने सायकलवर उभे राहून ते पुढे, आणि अंकुश मागे धावत. तेव्हा काकूला उस्तादांचं तोंड पाहवत नसणार, असं गाव म्हणायचं. उस्तादांसमोर कोणी म्हणत नसे. पण गावात एखादी गोष्ट समोर म्हटली नाही म्हणून ऐकू येत नाही, असं थोडंच आहे?

सहाव्या वर्षी, डिसेंबर सरता सरता, उस्ताद एक जाड पाकीट घेऊन दुकानात आले. "सगळ्यायची एकेक कॉपी. वाचाची नाही."

आता झेरॉक्सवाल्याला 'वाचू नको' म्हणणं म्हणजे हलवायाला 'वास घेऊ नको' म्हणणं. पहिलाच कागद हृदयाचा होता. तीन नळ्या, त्यातल्या दोन बंद होत आलेल्या. खाली डॉक्टरने लिहिलं होतं की ताबडतोब पुढच्या तपासण्या कराव्यात, आणि तोवर कुठलेही श्रम करू नयेत. 'कुठलेही' या शब्दाखाली दोन रेघा होत्या.

मी वर पाहिलं. उस्ताद माझ्याकडेच पाहत होते.

"वाचलं?"

"नाही."

"मंग विसर. जानेवारी झाली की जातो दवाखान्यात. तोवर कोनाले सांगतलं, तं तुह्या पोटावरून थ्रेशर नेईन."

मी 'हो' म्हणालो. तेच अक्षर.

आणि दहा दिवसांनी त्यांनी मला सांगितलं, "यंदा वहिनीकडे तू जा. माह्यानं होत नाही."

काकू ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. मला पाणी दिलं. मी पाणी प्यालो. मग म्हटलं, काकू, अमुक तारखेला कार्यक्रम आहे. ती काही बोलली नाही. एक जुडी बांधली. मी म्हटलं, यंदा थंडी बरी आहे. दुसरी जुडी बांधली. मी म्हटलं, मेथी छान आली आहे. तिसरी. आता मला घाम यायला लागला. शांतता चढत चालली होती, विहिरीत पाणी चढतं तशी, आणि नाकापर्यंत आल्यावर मी तोंड उघडलं.

"काकू, यंदा उस्ताद एकटे हजार बैठका काहाडून राह्यले. अंकुशसाठी."

तिचा हात थांबला.

"एकटे?"

"एकटे."

"हजार?"

"पूर्ण हजार." मला त्या वेळी वाटत होतं की मी फार चांगलं काम करतो आहे.

"या वयात?"

"वय कुठचं काकू! लोखंड आहे लोखंड."

काकूने सुतळी दाताने तोडली. जुडी ढिगात ठेवली आणि म्हणाली, "मंग मी येतो."

मी ओसरीची पहिली पायरी उतरलो तेव्हा मला आनंद झाला होता. दुसऱ्या पायरीवर मला तो कागद आठवला. तिसरी पायरी मला आठवत नाही, कारण मी तिच्यावर पाय ठेवलाच नाही. तोंडावर पडलो.

खरचटलेल्या कोपरासह मी आखाड्यात गेलो. उस्ताद फ्लायव्हीलला तेल लावत होते. मी सगळं एका दमात सांगितलं, आणि त्याच दमात उपायही. हजार बैठका चाळीस जणांत वाटून टाकू, प्रत्येकी पंचवीस, नाव तुमचं, पाय आमचे, काकूला काय समजतंय. मी शिव्यांची वाट पाहत होतो. थ्रेशरचीसुद्धा तयारी ठेवली होती.

"तिनं हजारच ऐकलं?"

"हो."

"माह्या नावानं?"

"हो."

"अन् येतो म्हने?"

"हो."

उस्तादांनी डोक्यावरची टोपी काढली आणि झटकून पुन्हा घातली. "मंग हजार."

"उस्ताद, तो कागद..."

"डाक्टरानं एका मिनिटात लिहिलं ते. मी पाच वर्सं पाणी पिऊन राह्यलो तिच्या घरचं." मग ते तेलाची चिंधी घेऊन खाली बसले. त्यांना बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "तुले एक सांगतो झेरॉक्स. अंकुशची छाती भरत नव्हती. फुगवल्यावर पाच सेंटीमीटर वाढावी लागते भरतीत. त्याची चार वाढे. एका सेंटीमीटरनं बाद झाला असता पोरगा. भाजी विकत असता आज. मी दोन महिने घासला त्याले. भरवली. मोजली त्या दिवशी मीच टाळी वाजवली." चिंधीची घडी करून ते म्हणाले, "हे तिले माहीत नाही. हजार म्हनजे काय जास्त बोलला तू? कमीच बोलला."

शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो.

पुढचे नऊ दिवस मी झोपलो नाही म्हटलं तर बायको हसेल, कारण मी घोरतो. पण घोरतानाही मला काळजी होती. दिवसा दुकानात आधार कार्ड उलटं लॅमिनेट केलं. एका मुलीच्या फॉर्मवर तिच्या आजोबांचा फोटो चढवला. सगळं खरं सांगून टाकावं म्हणून तीनदा काकूच्या घरी गेलो. पहिल्यांदा ती पेटीतून काढलेलं एक लुगडं उन्हात घालत होती. मी दोन मेथीच्या जुड्या विकत घेऊन परत आलो. दुसऱ्यांदा ती शेजारणीला सांगत होती, "त्या दिवशी बाजाराले नाही जात मी. तिकडं जातो." मी आणखी दोन जुड्या घेऊन आलो. तिसऱ्यांदा तिने मला पाहताच न विचारता दोन जुड्या पुढे केल्या.

"आता मेथी आणली तर तुम्हालाच निवडायला बसवीन," बायको म्हणाली. "काय झालंय काय तुम्हाला?"

मी तिला सांगणार होतो. पण मी शब्द दिला होता, आणि माझे दोन शब्द, उस्तादांना दिलेला आणि काकूला दिलेला, माझ्याच मानगुटीवर बसले होते. पाळले तर उस्ताद मरतील, मोडले तर काकू पुन्हा कधी उंबऱ्याबाहेर पडायची नाही. माझ्यासारख्या माणसाने आयुष्यात एका वेळी एकच शब्द द्यावा.

शेवटी मी एवढंच केलं, की मोताळ्याच्या मेडिकलमधून जिभेखाली ठेवायच्या गोळ्या आणल्या, आणि गावातल्या जीपवाल्याला सांगितलं, त्या दिवशी सकाळी जीप आखाड्याच्या दाराशी लाव, तोंड बुलडाण्याकडे करून.

"कोनाले न्याचं हाय?" त्याने विचारलं.

"मला. मला कसंतरी होणार आहे."

"त्या दिवशी?"

"त्या दिवशी."

त्याने माझ्याकडे पाहिलं ते अजून मला आठवतं.

कार्यक्रमाच्या सकाळी काकू आली. उन्हात वाळवलेलं तेच लुगडं नेसून, एकटी, गोदामाच्या दाराशी क्षणभर थांबली आणि मग भिंतीकडेला घातलेल्या सतरंजीवर बसली. सरपंच शाल घेऊन पुढे झाले तर तिने हातानेच थांबवलं. तुरीची पोती एका बाजूला, आम्ही चाळीस जण दुसऱ्या बाजूला, आणि मधे उस्ताद, खाकी हाफ पँट आणि बनियन, अनवाणी. त्यांनी काकूकडे पाहून नुसती मान हलवली आणि सुरुवात केली.

आमच्या शंभर-शंभर झाल्या तेव्हा उस्तादांच्या तीनशे झाल्या होत्या. मी माझ्या किती काढल्या ते विचारू नका, माझं लक्ष त्यांच्या ओठांकडे होतं. आकडा ते स्वतःच म्हणत होते, फौजी हिंदीत, खणखणीत. चारशेला घाम. पाचशेला पोरांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्यांनी डोळ्यांनीच गप्प केलं. साडेपाचशेला आकडा जरा पोकळ झाला. खिशात गोळ्यांची पट्टी माझ्या मुठीत चुरगळत होती. सहाशेला त्यांनी डावा हात एकदा झटकला, माशी बसल्यासारखा. माशी नव्हती.

सहाशे दहा. सहाशे अकरा. मग आकडा ऐकू येणं बंद झालं. ओठ हलत होते, गुडघे वाकत होते, आवाज नव्हता. सगळे समजले की उस्ताद मनात मोजताहेत. मला तसं वाटलं नाही, मी कागद वाचला होता.

"थांबा!" मी ओरडलो आणि धावलो. धावत जाऊन त्यांना धरायचं, असा माझा बेत होता. सतरंजीच्या टोकात माझा पाय अडकला आणि मी चौऱ्याण्णव किलोंसकट उस्तादांच्या पायाशी आडवा झालो. त्यांना खाली बसायला जागाच उरली नाही. ते माझ्यावर हात टेकून उभे राहिले. तो हात बर्फासारखा गार होता.

"ऊठ बे," ते कसेबसे म्हणाले.

"नाही उठत."

"ऊठ. तीनशे अठ्ठ्याऐंशी बाकी हायत."

तेवढ्यात काकू उठून आली होती. अगदी जवळून तिने उस्तादांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"बस झालं," ती म्हणाली.

"वहिनी, शब्द हाय."

"कोनाचा?"

उस्तादांनी खाली माझ्याकडे पाहिलं. मी खालूनच म्हणालो, "माझा आहे, काकू. ते बोललेच नव्हते. तुम्ही काही बोलेनात, म्हणून मीच... आणि त्यांच्या दोन नळ्या बंद आहेत, डॉक्टरने हलूसुद्धा नका म्हटलंय, आणि मी ते वाचलं होतं, आणि तरी..."

चाळीस माणसं ऐकत होती. काकूने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, म्हणजे आडवंच पाहिलं.

"तुहा शब्द व्हय?"

"हो."

"मंग उरलेल्या तू काहाड."

आधी एक पोरगा फिसकन हसला, मग सगळं गोदाम. उस्तादसुद्धा हसले असावेत, कारण माझ्या पाठीवरचा त्यांचा हात हलला. मी गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली. चौघांनी त्यांना उचललं. दाराशी जीप उभी होती, तोंड बुलडाण्याकडे. जीपवाला माझ्याकडे पाहत म्हणाला, "तुमाले कसंतरी होनार होतं नं?" मी म्हटलं, "होऊनच राह्यलं. चल."

बुलडाण्याहून त्यांना त्याच दिवशी संभाजीनगरला नेलं. बंद नळ्यांत दोन स्प्रिंगा टाकल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर उशीर झाला असता तर आणलं नसतं तरी चाललं असतं. ही बातमी गावात पोचेपर्यंत तिचं रूप बदललं होतं. गावाच्या मते मी मुद्दाम पडलो. मी ते नाकारलं नाही. इतक्या चांगल्या अफवा माझ्याबद्दल नेहमी उठत नाहीत.

तीन आठवड्यांनी उस्ताद परत आले. त्यांना शिट्टी फुंकायलाही मनाई होती. पहिल्याच सकाळी त्यांनी आखाड्यात बाजेवर बसून मला हाक मारली. "झेरॉक्स! तीनशे अठ्ठ्याऐंशी."

"उस्ताद, ते काकू गमतीत..."

"शब्द कोनाचा?"

रोज वीस, असं ठरलं. पहिल्या दिवशी माझ्या बारा झाल्या तेव्हा दारात काकू उभी होती. हातात बाजाराची टोपली. "उरलेल्या काहाडतो का नाही, ते पाहाले आली," ती म्हणाली आणि भिंतीशी बसली. वीस पुऱ्या झाल्यावर टोपली उचलून बाजाराला गेली. दुसऱ्या दिवशीही आली, तिसऱ्या दिवशीही. ती आणि उस्ताद एकमेकांशी बोलत नसत. दोघं मला बोलत. "गुडघा पुढं जाऊन राह्यला त्याचा," काकू म्हणायची. "पाठ पाहा पाठ, कमान झाली," उस्ताद म्हणायचे. माझ्या शरीरावरून त्या दोघांचं एवढं दळणवळण सुरू झालं होतं, आणि मधे लोंबकळत मी घाबरून होतो, की या दोघांपैकी कोणी एक दिवशी खरोखर काही बोललं तर काय होईल. उस्तादांच्या मनात तो सेंटीमीटर होता हे मला माहीत होतं. डॉक्टरने सांगितलं होतं, त्यांना त्रास होईल असं काही होऊ देऊ नका.

पाचव्या दिवशी उस्तादांनी एकोणीस म्हटलं आणि मी खाली गेलो. त्यांच्याकडे रीत अशी, की आकडा आला की उठायचं. आकडा येईपर्यंत खाली. मी मांड्यांवर तोल सांभाळत विसाची वाट पाहत होतो.

"वहिनी," उस्ताद म्हणाले.

पहिल्यांदाच ते मला सोडून तिच्याशी बोलत होते.

"अंकुशची छाती एक सेंटीमीटर कमी भरे. बाद होत होता तो. मी भरवली."

मी खालीच. मांड्या थरथरत होत्या. उठायची हिंमत नव्हती आणि मान वळवायचीही नव्हती, त्यामुळे मला फक्त समोरचं थ्रेशरचं चाक दिसत होतं. मागे कितीतरी वेळ काही आवाज आला नाही. ती शांतता भरायला माझ्या तोंडाशी शंभर गोष्टी आल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यातली एकही बोललो नाही.

"मले माहीत हाय," काकू म्हणाली.

"कसं?"

"घरी मीच मापत होती नं. सुतळीनं. कुठवर भरली पाह्यजे, तिथं गाठ मारून ठेवली होती त्यानं." मग म्हणाली, "एका दिवशी गाठीपर्यंत काही केल्या येईना. रडला. म्हने, जाऊ दे माय, तुह्यासंग भाजीच पाहातो मी. मीच वरडली त्याच्यावर. म्हटलं, कशी नाही भरत? भर अजून. लोकायच्या पोरायची भरते."

तिने टोपली बाजूला सारल्याचा आवाज आला.

"मले सगळे शाल घालाले येतात," काकू म्हणाली. "कोन्या तोंडानं घेऊ?"

बाजेची दोरी करकरली. उस्ताद उठून तिच्याजवळ जमिनीवर येऊन बसले असावेत. मी वळून पाहिलं नाही. वीस हा आकडा त्या दिवशी आलाच नाही. मी आणखी थोडा वेळ तसाच थांबलो, आणि मग आवाज होऊ न देता हळूच खाली टेकलो.